आखाजीची तिसरी घागर

रनाळ्याहून नंदुरबारच्या स्टेशनापर्यंत माझी पत्र्याची पेटी बाने डोक्यावर आणली. मला हात लावू दिला नाही. पेटीत दोन धोतरं, एक जुना कोट, मिशनच्या शाळेने बक्षीस दिलेलं पवित्र शास्त्र आणि मायने बांधून दिलेल्या कळण्याच्या भाकरी. बाच्या वहाणा त्याच्या काखेत होत्या, सडकेवर झिजू नयेत म्हणून. स्टेशन दिसलं तशी त्याने पेटी खाली ठेवली, पाय झटकले आणि वहाणा घातल्या. पोरगा पुण्याला कॉलेजात चाललाय आणि बाप अनवाणी, हे लोकांनी पाहू नये, एवढंच त्याचं म्हणणं.

गाडी यायला अवकाश होता. तो बाकावर बसला नाही, भिंतीशी उकिडवा बसला. तिथे तो मला जे बोलला, त्याच्या मागे माझं पुढचं सगळं आयुष्य गेलं. पण ते कळायला आमच्या घरचं आधीचं सांगायला हवं. गावात राहिलेल्यांना ते ठाऊक आहे. माझ्यासारखे जे निघून गेले, त्यांच्या पोरांना नसेल.

माझा बा उखा मळ्यात सालदार होता. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीने राबणारा गडी. छप्पन्याच्या, म्हणजे संवत १९५६च्या, दुष्काळात मालकाच्या विहिरीचा तळ दिसला आणि त्याने गडी सोडले. बा आणि माय दोन पोरं घेऊन सरकारी खडी फोडायच्या कामावर गेली. तिथे पटकी आली. माझी बहीण गंगू आणि भाऊ सुका, दोघं पाठोपाठ गेली. मी त्यांना पाहिलेलं नाही, मी नंतरचा. जाळायला लाकूड नव्हतं, पुरायला खड्डा खणणारा धड माणूस नव्हता. मुकादमाच्या माणसांनी इतर मढ्यांबरोबर त्यांना गाडीत घालून नेलं. कुठे नेलं ते बाला कधी कळलं नाही. माय सांगायची, तो खडीच्या ढिगावर बसून राहिला आणि हातातला हातोडा दुसऱ्याने सोडवून घेईपर्यंत त्याने तो सोडला नाही.

म्हणून मी झालो तेव्हा माझं नाव भिका ठेवलं. मागून आणलेलं पोर, म्हणजे त्याच्यावर कोणाची नजर पडणार नाही. नाकही टोचलं होतं. ते भोक अजून आहे, आणि वर्गातले विद्यार्थी त्याच्याकडे बघतात हे मला कळतं.

पुण्यात अक्षय तृतीया असते, आखाजी नसते. आमच्या खानदेशात त्या दिवशी घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावाने नवी घागर पाण्याने भरतात. तिच्या तोंडावर लहानसं डेरगं, म्हणजे मातीचा छोटा गडू, डेरग्यावर खरबूज, बाजूला सांजोऱ्या. निखाऱ्यावर घास टाकायचा आणि नाव घ्यायचं. वैशाखाचं ऊन, गेलेल्याला तहान लागत असेल, असा त्यामागचा भाव. बापाची घागर मुलाने भरायची, हा रिवाज. आमच्या घरात ते उलटं होतं. बाप मुलांच्या भरायचा.

आणखी एक गोष्ट. सालदाराचं साल आखाजीला संपतं आणि आखाजीलाच नवं लागतं. मधला तेवढा दिवस गडी कोणाचाच नसतो. वर्षात त्या एकाच दिवशी बा स्वतःचा असायचा, आणि तो दिवस तो कुंभाराकडून दोन लहान घागरी आणण्यात, त्या धुण्यात, भरण्यात घालवायचा. इतर गडी झोक्यांवर, पत्त्यांवर. हा घागरींपाशी बसून. पुढे आम्ही तेच पाणी उन्हाळाभर प्यायचो. माय म्हणायची, पोरांच्या हातचं पाणी आहे, थंड लागतं.

मिशनच्या शाळेत मी गेलो तो पोटासाठी. खोटं कशाला बोलू? नंदुरबारला त्यांचं बोर्डिंग होतं, दोन वेळा जेवण होतं. पण राहिलो तो पुस्तकासाठी. त्या पुस्तकात मला नांगर भेटला, मेंढरं भेटली, मजुरीसाठी बाजारात उभी राहिलेली माणसं भेटली. जगात कुणीतरी आमच्यासारख्यांबद्दल लिहून ठेवलंय, हे मला आधी माहीतच नव्हतं. मॅट्रिक झालो त्या साली मी बाप्तिस्मा घेतला. स्वतःच्या मनाने घेतला, भाकरीसाठी नाही. हे मी गावात तेव्हाही सांगितलं, आजही सांगतो.

भाऊबंदांनी माझा तांब्या वेगळा ठेवला. माझा चुलता मोठा वात्रट. तो चावडीसमोर बाला म्हणाला, “उखा, तुन्हा पोऱ्या इंग्रजना देवले दत्तक गया रे.” बाने बिडी विझवली आणि म्हणाला, “दत्तक गया तरी नाव मन्हंच लावस.” एवढंच. घरी त्याने मला एक शब्द विचारला नाही. माय रडली, मग जेवायला वाढलं.

पण त्याच सुमाराला एक गोष्ट घडली. आमच्या ख्रिस्ती मंडळीत तळोद्याकडच्या डोंगरातला रूपजी नावाचा एक जण होता. त्याचा बाप वारल्याची खबर आली. तो निघाला, तर आमच्या उपदेशकांनी त्याला अडवलं. उपदेशक नगरकडचे, माणूस सज्जन, आजाऱ्याच्या उशाशी बसणारा, पण शास्त्र त्यांना तोंडपाठ होतं एवढंच. त्यांनी लूकच्या शुभवर्तमानातलं ते प्रसिद्ध वचन काढलं. ख्रिस्ताने एकाला बोलावलं. तो म्हणाला, आधी बापाला पुरून येतो. त्यावर ख्रिस्त म्हणाला की मेलेल्यांचं मेलेले बघतील, तू चल. “रूपजी, वचन स्पष्ट आहे,” उपदेशक म्हणाले. तिकडे मूर्तींपुढचे विधी होणार, तू जायचं नाही. रूपजी मिशनच्या फाटकाशी निंबाखाली बसून राहिला. बाजाराचा दिवस होता. सगळ्या बाजाराने त्याला पाहिलं, आणि त्या बाजारात माझा बासुद्धा होता.

तर स्टेशनावर भिंतीशी बसून बा मला म्हणाला, “भाऊ, तुन्हं पुस्तक नीट वाच. मन्हा मांगे मन्ही घागर कोन भरी, ते पाहीसन माले सांग.” मग गाडीचा आवाज आला तसा उठता उठता म्हणाला, “घाई नको करू.”

पोटच्या दोन पोरांची माती कुठे पडली हे ज्याला ठाऊक नाही, त्याला आपलं काय होणार हे विचारायचा हक्क आहे. मी म्हटलं, बघतो, बा.

पुण्याचं हॉस्टेल, मेस, लेक्चर, टर्म हे सगळं मी सोसलं असं म्हणणार नाही, मला ते आवडलं. माझ्या बोलण्याला मुलं हसायची. ‘आहे’ला ‘शे’ म्हटलं की बाकावर खसखस पिकायची. मी वर्षभरात त्यांच्यासारखं बोलायला शिकलो आणि इंग्रजी निबंधात त्यांच्या पुढे गेलो. बी.ए. झालो. रनाळ्यात सालदाराच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट मी. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. त्यानंतर मिशनने मला बंगालात धर्मशास्त्राच्या कॉलेजात पाठवलं. तिथे ग्रीक आणि हिब्रू शिकायच्या होत्या. नोकरी धरून दोन पैसे घरी पाठवले असते तर भाऊबंदांची तोंडं बंद झाली असती. पण मला ते वचन मुळातून वाचायचं होतं. उपदेशकांच्या तोंडून नाही, मराठी छापातून नाही, जिथून ते आलं तिथून.

सुटीत घरी आलो की आखाजी नुकतीच होऊन गेलेली असायची. ओसरीच्या कोपऱ्यात त्या दोन घागरी असायच्या. चुलता विचारायचा, आता कोणती भाषा शिकतोस म्हणे? मी म्हणायचो, ग्रीक. तो म्हणायचा, “तिन्हामा भाकर मांगता येस का?” मी ग्रीकमध्ये भाकर मागून दाखवायचो. पोरं खिदळायची, माय पदराआड हसायची. लोक गेले की बा हळूच विचारायचा, “सापडनं का?”

“वाची ऱ्हायनू, बा.”

“बरं.”

दर सुटीला एवढंच बोलणं व्हायचं. तो कधी दुसऱ्यांदा विचारायचा नाही.

खरं म्हणजे मला पहिल्याच वर्षी सापडलं होतं. आमचे ग्रीकचे प्राध्यापक म्हातारे स्कॉटलंडचे, सतत खोकणारे. त्यांच्यापुढे मी छाती पुढे काढून उभा राहिलो आणि सांगितलं, सर, त्या माणसाचा बाप मेलेलाच नव्हता. आमच्या गावात ज्याच्या घरी बाप मरून पडलाय, तो मुलगा वाटेवर उभा राहून परक्याशी बोलत बसत नाही. तो घरात असतो. यहूद्यांत तर त्याच दिवशी पुरत. म्हणजे ‘बापाला पुरून येतो’ याचा अर्थ बाप आहे तोवर थांबतो, मग येतो. ती पळवाट होती. ख्रिस्ताने पळवाट बंद केली, अंत्यविधी नाही.

ते खोकले, चष्मा पुसला. शक्य आहे, म्हणाले, जुन्या टीकाकारांपैकी काहींनी हे म्हटलंय. पण तसं लिहिलेलं नाही. मग ते जे बोलले ते मी मराठीत सांगतो: “तुम्हाला उत्तर आधीच हवं आहे, मिस्टर भिका. ज्याला उत्तर आधीच हवं असतं, त्याला ते कुठल्याही पानावर सापडतं. तुमच्या उपदेशकांना नाही का सापडलं?”

मी खाली बसलो. त्या दिवशी मला त्यांचा फार राग आला. पण ते खरं होतं. रूपजीला निंबाखाली बसवणारा जे करत होता, तेच मी करत होतो. माझं फक्त दुसऱ्या बाजूने. बाला मी ते सोपं उत्तर दिलं असतं तर तो त्या रात्री सुखाने झोपला असता. पण त्याने मला सोपं उत्तर विचारलं नव्हतं. नीट वाच म्हणाला होता.

म्हणून मी पुन्हा पहिल्या ओळीपासून धरलं. प्राध्यापकांचा नियम होता: आधी काय लिहिलंय, नंतर काय लिहिलंय, कोण कोणाला बोलतोय आणि तो कुठे उभा आहे, एवढं पाहिल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. मी तो अध्याय इतका वाचला की लेक्सिकनच्या, म्हणजे ग्रीक शब्दकोशाच्या, त्या पानांना माझ्या अंगठ्याचा डाग पडला. त्या वाटेवर तीन माणसं भेटतात. एक आपणहून म्हणतो, तुझ्यामागे येतो. दुसऱ्याला बापाला पुरायचंय. तिसरा म्हणतो, घरच्यांचा फक्त निरोप घेऊन येतो. त्या तिसऱ्याला नांगराचं उत्तर मिळतं: नांगराला हात घातला की मागे बघायचं नाही. हे वाचलं की मला बाची पाठ दिसायची. तो नांगर धरून चालला की खरंच मागे बघत नसे. मागे बघितलं की नांगराचं तास वाकडं जातं. आणि मला वाटायचं, मला तर निरोप घ्यायला मिळाला. माझ्या बापाने पेटी वाहिली.

शेवटच्या वर्षाच्या आधीच्या सुटीत मी बाला हे सगळं सांगायचा प्रयत्न केला. अजून पक्कं झालं नाही, तीन माणसं आहेत, पुढचं-मागचं बघायला हवं, दुसऱ्या पानावर आणखी एक गोष्ट आहे तीही जुळवायला हवी. तो ऐकत होता. बैलाच्या डोळ्यांवरून दुखणं ओळखणारा माणूस. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, मी बोलत होतो त्याकडे नाही. शेवटी म्हणाला, “बरं, भाऊ.” आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. एरवी तो असा हात ठेवत नसे.

पुढच्या उन्हाळ्यात मी घरी गेलो नाही. शेवटची परीक्षा होती आणि त्या वचनावरचाच माझा प्रबंध पुरा होत आला होता. उत्तर हाती आलं होतं. आता वळवून आणलेलं नव्हतं, आलेलं होतं. प्राध्यापकांनी प्रबंध वाचून समासात काही न लिहिता परत दिला, आणि ते समासात लिहीत नसत तेव्हा ती शाबासकी असे. ठरवलं होतं, निकाल लागला की घरी जाऊन बाला ओसरीवर बसवून सांगायचं.

आषाढात तार आली.

कलकत्त्याहून खानदेशात यायला तेव्हा किती वेळ लागायचा हे त्या वाटेने गेलेल्यांना ठाऊक आहे. नंदुरबारच्या फलाटावर आमचे उपदेशक उभे होते. माझा हात हातात घेतला, डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. म्हणाले, आईला भेटा, पण दहाव्याला तापीकाठच्या प्रकाशा गावी जाऊ नका, मंडळीत प्रश्न उठेल. वेशीवर चुलता भेटला. तो वात्रट माणूस त्या दिवशी खाली बघून बोलला. अग्नी उखाच्या पुतण्याने दिला, तुझी वाट पाहता आली नाही, आणि दहाव्याला तू तापीवर आलास तर भटजी उठून जाईल, तेव्हा तू येऊ नको. म्हणजे दोन्हीकडून एकच सांगणं. एका बाजूला माझा धर्म मला बापाजवळ जाऊ देत नव्हता, दुसऱ्या बाजूला त्याचा.

घरात माय एकटी होती. ओसरीच्या कोपऱ्यात बघितलं तर घागरी तीन होत्या. दोन लहान, एक मोठी.

मला वाटलं घाईत कोणी आणून ठेवली असेल. पण आखाजी होऊन दीड-दोन महिने झाले होते, आणि घागर जुनी दिसत होती, बाहेरून शेवाळाची हिरवी झाक धरलेली. मी मायकडे पाहिलं. मग तिने सांगितलं.

त्या आखाजीला बा कुंभाराकडे गेला आणि तीन घागरी घेऊन आला. कुंभाराने विचारलं, उखा, घरात आणखी कोण गेलं? बाने तिन्ही उचलल्या. गंगूची भरली, सुकाची भरली, मग मोठी धुतली, भरली, डेरगं ठेवलं, खरबूज ठेवलं. मायने हात धरला. जित्या माणसाने आपल्याच नावाची घागर भरायची, असं कोणी ऐकलंय? तर तो म्हणाला, “पोऱ्याले सांगाले लाज वाटी ऱ्हायनी. पुस्तकमा नही म्हनेल शे, म्हनीसन तो बोलत नही. त्याले कायले तरास? मन्ही मी भरी लेसू.”

आणि निखाऱ्यावर घास टाकून त्याने स्वतःचंच नाव घेतलं.

मी वर्षानुवर्षं दुसऱ्यांना शिकवत आलोय की लिहिलेलं नसेल ते वाचू नका. माझ्या बापाला अक्षर येत नव्हतं. त्याने माझं गप्प राहणं वाचलं, पाठीवर हात ठेवून वाचलं, फार मायेने वाचलं, आणि चुकीचं वाचलं.

माय उठली, त्या मोठ्या घागरीतून तांब्या भरला आणि मला दिला. म्हणाली, “पी. त्यान्हीच शे.” उन्हाळाभर तो स्वतः तेच पाणी प्यायला होता, सरलं की तीच घागर पुन्हा भरायचा. मी प्यालो. आणि तिथेच तिला सांगितलं, माय, पुस्तक नाही म्हणत नाही. मी नीट वाचलंय. मी घागर भरली असती.

मायने माझ्या हातातला तांब्या घेतला. मग म्हणाली, “आते माले सांगीसन काय? इचारनारा गया.”

दहाव्याच्या दिवशी सगळे प्रकाशाला गेले. मी आणि माझ्यामुळे मागे राहिलेली माय, दोघं ओसरीवर बसून होतो. मी तेव्हा रडलो नाही. पुढे पुण्यात शिकवायला लागल्यावर एकदा वर्गात त्या अध्यायाशी आलो, तीन माणसं वाटेवर, आणि मला पुढे वाचता येईना. मुलांना वाटलं सर पान शोधताहेत.

मायला मी पुण्याला चल म्हणून फार विनवलं. नळ आहे, दिवा आहे, सून नगरची आहे पण भाकरी चांगली करते. ती आली नाही. म्हणाली, मी आले तर इथल्या तीन घागरी कोण भरेल? ती गेली तेव्हा मी वेळेवर पोचलो. उपदेशक नवे होते. मी त्यांना विचारलं नाही, आणि भाऊबंदांनाही विचारलं नाही. खांदा दिला. कोणी अडवलं नाही. कदाचित माझ्या पिकलेल्या केसांकडे पाहून अडवलं नसेल.

आता मी पुण्यात धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शिकवतो. भाड्याचं घर, पुढे लहानसा व्हरांडा, पुस्तकांचं कपाट, टेबल-लॅम्प. माझी मुलं शुद्ध बोलतात. मी फोडणीचा वास आला की चुकून ‘काय करी ऱ्हायनी वं’ म्हणून जातो, तेव्हा ती हसतात आणि आईला हाक मारून सांगतात, बाबा पुन्हा गावाला गेले. मी त्यांना रागवत नाही. गावाला जायला मला आता दुसरी वाट उरलेली नाही. घर पडलं, ती जागा चुलत्याच्या नातवांनी गोठ्याला घेतली. बरं केलं.

आखाजीला मात्र मी मंडईजवळच्या कुंभाराकडून घागर आणतो. एकच, मोठी. पुण्याच्या कुंभाराला डेरगं कळत नाही, म्हणून वर साधं मडकं ठेवतो. व्हरांड्याच्या पायरीशी ती भरून ठेवतो आणि बाजूला तांब्या. पोस्टमन पितो, भाजीवाली पिते, शाळेतून येणारी पोरं एकमेकांच्या अंगावर उडवतात. निखाऱ्यावर घास टाकत नाही. भरताना चार नावं घेतो: गंगू, सुका, उखा, आणि मायचं. आमच्या मंडळीतल्या एक-दोघांना हे खटकतं. मी त्यांना सांगितलंय की मेलेल्यांना मी पाणी पाजत नाही. ते कुठे आहेत हे मला ठाऊक नाही, आणि पुस्तकात लिहिलंय त्यापलीकडे मी सांगणारही नाही. पण तहानलेल्याला पेलाभर पाणी दिलेलं वाया जात नाही, हे लिहिलेलं आहे. आणि माझ्या बापाने विचारलं होतं.

घर म्हणजे काय, असं गाव सोडून गेलेली माणसं एकमेकांना विचारतात. माझ्यापुरतं सांगतो. जिथे कोणीतरी आपल्या उत्तराची वाट बघतं ते घर. आता तिथे कोणी नाही, तरी मी उत्तर देतच असतो.

लूकच्या शुभवर्तमानावरचं माझं मराठी भाष्य युद्धाच्या दिवसांत कागद मिळेना म्हणून रखडलं होतं, ते आता छापून झालं. नवव्या अध्यायाच्या त्या वचनापाशी मी बराच वेळ थांबलोय. तिथे लिहिलंय की हे बोलणारा स्वतः यरुशलेमकडे मरायला निघाला होता, घरात बसून दुसऱ्यांना नियम घालून देत नव्हता. त्याच तोंडाने त्याने, जवळचं धन देवाला वाहिलंय असं सांगून आईबापांना टाळणाऱ्यांना झापलं. त्याच तोंडाने मरता मरता आपली आई मित्राच्या हाती दिली. तेव्हा हे वचन ज्याने त्याने स्वतःला विचारायचं आहे. दुसऱ्याची वाट अडवायला ते दिलेलं नाही. त्या माणसाचा बाप मेला होता की जिवंत होता, याबद्दल मी लिहिलंय: शक्य आहे, पण सांगितलेलं नाही.

नंदुरबारच्या मंडळीच्या पंचांनी ते पान सगळ्यांसमोर वाचून दाखवलं आणि घरच्यांच्या अंत्यविधीला जायचं नाही हा जुना नियम काढून टाकला. यंदा तळोद्याकडच्या एकाचा बाप वारला, तेव्हा उपदेशकांनी स्वतः बैलगाडी जुंपून त्याला घरी पोचवलं. तो वेळेवर पोचला.